एका रेघेची रुंदी

संगणकाच्या पडद्यावर आपण रोज ज्या वस्तूंना हात घालतो, त्यांतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती? आमच्या मते, दोन कप्प्यांमधली रेघ. गणिताच्या तासाला जिओजेब्रा उघडले की डावीकडे समीकरणांचा कप्पा दिसतो, उजवीकडे आलेखाचा. दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ असते. ती माउसने धरून उजवीकडे सरकवली की समीकरणांना जास्त जागा मिळते, डावीकडे सरकवली की आलेख मोठा होतो. फाइलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम घ्या, ईमेल वाचण्याचा घ्या किंवा पायथन शिकवताना वापरतो तो घ्या. अशी रेघ कुठे ना कुठे सापडतेच.

संगणकवाले या कप्प्यांना पॅनेल म्हणतात आणि मधल्या रेघेला स्प्लिटर, डिव्हायडर किंवा सॅश. रस्त्यावरच्या ओळखीचा शब्द वापरून आपण तिला दुभाजक म्हणू. नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते. मग वर्गात आणि कार्यालयात रोज वापरल्या जाणाऱ्या या वस्तूची का होऊ नये? या लेखात आम्ही दुभाजकाच्या रूपाची समीक्षा करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. दुभाजकाची जाडी, रंग आणि पोत बदलण्याची मुभा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला असते, आणि ती असायलाच हवी. परंतु अलीकडच्या काळात या मुभेचा वापर बहुतांशी एकाच दिशेने झाला आहे: रेघ अधिकाधिक बारीक आणि अधिकाधिक फिकट करण्याकडे. त्यात पडद्याचे रूप कदाचित खुलत असेल, पण त्याची किंमत मोजावी लागते ती नवशिक्या विद्यार्थ्याला, चाळिशी लागलेल्या शिक्षकाला आणि हात थरथरणाऱ्या माणसाला. शिवाय दोष रेघेचा असूनही तो आपलाच आहे असे या मंडळींना वाटते. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

दोन शेतांमधला बांध

आधी एक फरक लक्षात घेऊ. पडद्यावरची स्वतंत्र खिडकी मोठी केली तर ती शेजारच्या खिडकीवर पसरते, तिला झाकते. पण शेजारणीचा आकार बदलत नाही. दुभाजकाचे तसे नाही. तो सरकवला की एका कप्प्याचे जेवढे वाढते तेवढेच दुसऱ्याचे घटते. दोन शेतांमधल्या बांधासारखा हा प्रकार आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकावर खिडक्या एकमेकींवर चढत नसत, शेजारी शेजारी बसत. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० मध्येही प्रोग्रॅमच्या मुख्य खिडक्या फरश्यांसारख्या मांडलेल्या असत. पुढे एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्यांची पद्धत सर्वत्र रूढ झाली, पण एका खिडकीच्या आतली कप्प्यांची मांडणी मात्र टिकून राहिली. १९९२ च्या विंडोज ३.१ मधला फाइल मॅनेजर आठवून पाहा: डावीकडे डिरेक्टरींचा वृक्ष, उजवीकडे फाइलींची यादी आणि मध्ये दुभाजक. हा दुभाजक हलवण्यासाठी मेनूमध्येही एक वेगळी आज्ञा दिलेली होती. ही गोष्ट लहान वाटते, पण महत्त्वाची आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

शेतातला बांध तीन कामे करतो. हद्द कुठे आहे ते दाखवतो, इथून चालता येते हे सांगतो आणि पाऊल ठेवायला प्रत्यक्ष जागा देतो. दुभाजकाचीही कामे तीनच आहेत. एक, कप्प्यांची सीमा दाखवणे. दोन, ‘ही सीमा सरकवता येते’ हे सांगणे. तीन, सरकवण्यासाठी धरायला जागा देणे. पहिल्या कामाला केसाएवढी रेघ पुरते. दुसऱ्याला काहीतरी खूण लागते. तिसऱ्याला रुंदी लागते. सध्याच्या पद्धतीत पहिले काम शिल्लक राहिले आहे आणि उरलेली दोन कोरली गेली आहेत. बांध कोरणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

साधनसंच काय देतात

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दुभाजक स्वतः शून्यापासून घडवत नाही. त्यासाठी तयार साधनसंच असतात. त्यांतले तीन आपण पाहू, कारण समीक्षा करायची तर वस्तू जिथे घडते तिथपर्यंत जायला हवे.

पहिला, जावा भाषेचा स्विंग हा संच. डिसेंबर १९९८ मध्ये जावाच्या १.२ या आवृत्तीसोबत तो आला. त्यातल्या दुभाजकाची जाडी एका संख्येने ठरवता येते. त्यावर दोन चिमुकले बाण दाखवण्याची सोय आहे. बाणावर टिचकी मारली की कप्पा पूर्ण मिटतो किंवा पुन्हा उघडतो. त्याच्या मूळच्या ‘मेटल’ नावाच्या रूपात दुभाजकावर बारीक उंचवट्यांचा पोत होता. बाटलीच्या झाकणावर पकडीसाठी खाचा असतात, तसा. शिवाय एफ-८ ही कळ दाबून दुभाजकावर जाता येते आणि बाणांच्या कळांनी तो सरकवता येतो. तीनही कामांचा विचार इथे झालेला दिसतो.

दुसरा, मॅकवरचा संच. तिथे पूर्वीचा दुभाजक जाड होता आणि त्याच्या मधोमध एक छोटी खळी होती. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या मॅक ओएस एक्स १०.५ या आवृत्तीपासून बारीक दुभाजकाचा पर्याय मिळाला. त्याची जाडी फक्त १ एकक. मात्र या संचात एक अत्यंत शहाणपणाची सोय आहे. पडद्यावर काढलेला आयत वेगळा आणि प्रत्यक्ष पकडता येणारा आयत वेगळा, असे दोन आयत त्यात मानलेले आहेत. रेघ १ एककाची काढून पकडीची जागा त्याहून रुंद ठेवता येते. दिसणे आणि धरता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या संचाच्या रचनेतच मान्य केलेले आहे.

तिसरा, क्यूटी हा संच. अनेक डेस्कटॉप प्रोग्रॅम त्याच्या आधारे लिहिलेले असतात. त्यात दुभाजकाचे रूप ठरवण्यासाठी शैलीपत्रक लिहिता येते: जाडी इतकी, रंग असा, मध्ये अमुक चित्र. या सोयीबरोबर दिलेल्या माहितीत नमुना म्हणून जी जाडी लिहिली आहे ती २ पिक्सेल आहे. नमुना दिला की तो जसाच्या तसा उतरवला जातो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

आता यातली गंमत पाहा. क्यूटीचा सोर्स कोड खुला आहे, कुणालाही वाचता येतो. त्याच्या पूर्वीच्या काही आवृत्त्यांत अशी काळजी घेतली होती की दुभाजकाची जाडी १ किंवा ० पिक्सेल ठेवली तर पकडीची जागा आपोआप वाढवून ५ किंवा ४ पिक्सेल करायची. पण जाडी २ पिक्सेल असेल तर ही वाढ होत नसे. म्हणजे १ पिक्सेलची रेघ ५ पिक्सेलमध्ये धरता येई आणि तिच्या दुप्पट जाड दिसणारी २ पिक्सेलची रेघ मात्र नेमकी २ पिक्सेलमध्येच धरावी लागे! जाड रेघ धरायला सोपी असणार, हा आपला अंदाज इथे चुकत असे. रूप बदलताना कार्य नकळत कसे बदलते याचे याहून नेटके उदाहरण आम्हाला माहीत नाही.

फिट्स यांचा प्रयोग

२ आणि ५ पिक्सेलमधला फरक खरेच जाणवतो का? याचे उत्तर संगणकाच्या पडद्याहून जुने आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या. माणसाने हातातल्या लेखणीसारख्या सळईने एकदा या पट्टीवर, एकदा त्या पट्टीवर, शक्य तितक्या लवकर पण न चुकता टोकायचे. पट्ट्यांची रुंदी २, १, १/२ आणि १/४ इंच. त्यांमधले अंतर २, ४, ८ आणि १६ इंच. प्रत्येक जोडीसाठी लागणारा वेळ मोजला.

निष्कर्ष असा निघाला की लागणारा वेळ केवळ अंतरावर किंवा केवळ रुंदीवर नव्हे, तर त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. अंतराची दुप्पट घ्या, तिला रुंदीने भागा आणि येणारी संख्या २ चा कितवा घात आहे ते पाहा. या घाताला आपण काठिण्यांक म्हणू. काठिण्यांक १ ने वाढला की वेळ ठरावीक पायरीने वाढतो.

आता हे दुभाजकाला लावू. माउसचा बाण दुभाजकापासून ५१२ पिक्सेल दूर आहे असे समजा. दुभाजकाची पकड १६ पिक्सेल रुंद असेल तर १०२४ भागिले १६, म्हणजे ६४. हा २ चा ६ वा घात. काठिण्यांक ६. पकड ८ पिक्सेल असेल तर ७, ४ असेल तर ८, २ असेल तर ९ आणि १ असेल तर १०. रुंदी निम्मी केली की दर वेळी एक पायरी चढावी लागते. क्यूटीच्या ५ पिक्सेलच्या पकडीचा काठिण्यांक ७.७ च्या आसपास येतो, २ पिक्सेलचा ९. फरक सव्वा पायरीहून अधिक आहे.

हा प्रयोग वर्गात विनाखर्च करता येतो. कागदाच्या ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या आणि त्यांचे मध्य एकमेकांपासून १६ सेंटिमीटरवर येतील अशा चिकटवा. विद्यार्थ्याने पेन्सिलीने २० सेकंद आलटून पालटून टिंबे काढावीत. मग तेच १ सेंटिमीटर आणि अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांवर करावे. काठिण्यांक अनुक्रमे ३, ५ आणि ६ येतील. २० सेकंदांना टिंबांच्या संख्येने भागून एका टिंबाला लागलेला वेळ काढा आणि आलेख मांडा. बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात. बाहेर पडलेली टिंबे वेगळी मोजायला विसरू नका. आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच जास्त बोलकी आहेत. अरुंद पट्टीवर वेळही जास्त लागतो आणि नेमही जास्त चुकतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. हा नियम सरासरी वेळेविषयी बोलतो. हाताची थरथर पट्टीच्या रुंदीहून मोठी असेल तर प्रश्न थोड्या जास्त वेळाचा उरत नाही; रेघ हाती लागणे हा योगायोगाचा भाग होतो.

त्यात पिक्सेल हेही स्थिर माप नाही. १५ इंची, १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलच्या जुन्या पडद्यावर १ पिक्सेल म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर होते. १४ इंची, १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर, मोठे करून दाखवण्याची सोय चालू केलेली नसेल तर, तोच १ पिक्सेल सुमारे ०.१६ मिलिमीटरचा होतो. संख्या तीच राहिली तरी रेघ जवळजवळ निम्मी झालेली असते.

दिसणे आणि कळणे

समजा पकडीची जागा रुंद ठेवली, पण रेघ फिकट किंवा अदृश्य केली. मग प्रश्न सुटला का? नाही. जिथे धरता येते हे कळतच नाही तिथे धरायला कोण जाईल?

अमेरिकेतील संशोधक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात हा विचार रोजच्या वापरातल्या वस्तूंना लावला. वस्तूने आपला वापर कसा करायचा हे आपल्या रूपातूनच सांगायला हवे, असे त्यांचे प्रतिपादन. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला कड असते, म्हणून बोटे आपोआप तिथे जातात. त्यासाठी कुणी सूचना चिकटवत नाही. दुभाजकावरची खळी, ठिपके किंवा उंचवटे हे त्या कडेचे काम करतात.

यावर नेहमीचे उत्तर असे असते: ‘बाण रेघेवर नेला की त्याचा आकार बदलतो, दोन टोकांचा बाण दिसतो, मग वेगळी खूण कशाला?’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. बाण बदलतो तो रेघेवर पोचल्यावर. आपण इथे का पोचावे हे तो आधी सांगत नाही. दार कुठे आहे ते दाराला हात लागल्यावरच कळावे, असे हे झाले. शिवाय बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या फलकावर बाण रेंगाळत नसतो. बोट एक तर टेकलेले असते किंवा नसते. असे मोठे फलक आता अनेक शाळांत आले आहेत. तिथे ही एकमेव खूणही नाहीशी होते आणि पकड मात्र बोटाच्या टोकाने साधायची असते.

आता रंगाकडे वळू. संगणकाच्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा ० ते २५५ या आकड्यांनी मोजतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर २२४ क्रमांकाच्या करड्या छटेची रेघ आज सर्रास आढळते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दिलेल्या सूत्राने पाहिले तर पांढरा आणि ही छटा यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर १.३२ येते. नियंत्रण ओळखण्यासाठी आवश्यक असलेल्या खुणेला त्याच तत्त्वांत किमान ३ हे गुणोत्तर सांगितले आहे. ते गाठायचे तर छटा १४८ किंवा त्याहून गडद हवी.

वर्गात याहून बिकट स्थिती असते. प्रोजेक्टरच्या पडद्यावर खिडकीतून उजेड पडतो आणि तो पांढऱ्यावर आणि रेघेवर सारखाच मिळतो. समजा पांढऱ्या भागाची तेजस्विता १०० आणि रेघेची ७६ आहे, गुणोत्तर १.३२. बाहेरच्या उजेडाने दोन्हींत ५० ची भर पडली की १५० आणि १२६ होतात, गुणोत्तर १.१९ वर येते. पहिल्या बाकावरच्या मुलालाही ही रेघ दिसणार नाही. हीच भर ३ गुणोत्तराच्या रेघेवर टाकून पाहा. १०० आणि ३३ चे १५० आणि ८३ होतात, गुणोत्तर १.८ उरते. रेघ फिकी पडली, पण दिसत राहिली.

आमच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाबरोबर आलेला प्रोग्रॅम आहे. त्यात वर वर्णपट आणि खाली नोंदींचा तक्ता दिसतो. मधला दुभाजक पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा आहे. तक्त्याच्या तीनच ओळी दिसतात म्हणून नवे विद्यार्थी तो छापून घेतात आणि कागदावर वाचतात. दुभाजक वर सरकवला की तीसेक ओळी दिसतील, हे पडदा त्यांना सांगत नाही. या विद्यार्थ्यांना वर्णपट वाचता येतो, पण रेघ वाचता येत नाही, कारण वाचण्यासारखे तिथे काही ठेवलेलेच नाही.

दुसरी बाजू

बारीक रेघेच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मात्र नाही. एडवर्ड टफ्टी यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात, जोसेफ अल्बर्स या चित्रकाराच्या विचाराचा आधार घेत, एक मुद्दा फार छान मांडला आहे: १ अधिक १ बरोबर ३. दोन जाड काळ्या रेघा शेजारी शेजारी काढल्या की मधली पांढरी पट्टी ही तिसरी आकृती होऊन बसते. जाड चौकटी, उठावाच्या कडा आणि सावल्या यांनी पडदा भरला की डोळा मजकुराऐवजी चौकटीच पाहतो. १९९० च्या दशकातल्या कित्येक प्रोग्रॅमांत असे झाले होते. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट. हा गोंगाट कमी करणे योग्यच होते.

दुसरा युक्तिवाद जागेचा. तो तपासून पाहू. ६४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १० पिक्सेलचे तीन दुभाजक ३० पिक्सेल खातात, म्हणजे रुंदीच्या ४.७ टक्के. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर तेच तीन दुभाजक १.६ टक्के खातात. म्हणजे जागेची खरी टंचाई होती तेव्हा दुभाजक जाड होते आणि जागा तिपटीने वाढली तेव्हा ते बारीक झाले! जागा वाचवणे हे खरे कारण असते तर क्रम उलटा दिसला असता. म्हणून आम्हाला वाटते की इथे गरजेपेक्षा फॅशनने जास्त काम केले आहे. २०१२ च्या विंडोज ८ ने आणि २०१३ च्या आयओएस ७ ने सपाट, उठावहीन रूपाची लाट सर्वत्र नेली. फोनवर कप्पे सरकवायचे प्रसंग थोडे. तिथे हे रूप खपून गेले. डेस्कटॉपवर कप्पे सरकवणे हे रोजचे काम आहे. तिथे ते तसेच उचलून आणायला नको होते.

आणि गोंगाट व खूण यांत निवड करावी लागते असेही नाही. पूर्ण लांबीची रेघ बारीक ठेवा, पण मधोमध चार गडद ठिपके द्या आणि पकडीची जागा रेघेच्या दोन्ही बाजूंना वाढवा. टफ्टी यांचे समाधान होईल आणि फिट्स यांचेही.

हरवलेला कप्पा

दुभाजक नीट धरता आला नाही तर फार तर कप्पा लहान राहील, असे कुणाला वाटेल. पण खरी अडचण निराळी आहे. क्यूटीमध्ये, वेगळे काही सांगितले नसेल तर, दुभाजक टोकापर्यंत ओढल्यावर कप्पा पूर्ण मिटतो. तेव्हा पडद्याच्या कडेला फक्त ती २ पिक्सेलची रेघ उरते. अनेक प्रोग्रॅम दुभाजकाची शेवटची जागा लक्षात ठेवतात. म्हणजे संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी कप्पा मिटलेलाच.

शाळेच्या संगणक कक्षात एका यंत्रावर दिवसभरात पाच-सहा तुकड्या बसतात. पहिल्या तुकडीतल्या एखाद्या मुलाचा हात चुकून रेघेवर पडला की पुढच्या तुकडीतल्या मुलीला यंत्राची डावी बाजू ‘गेलेली’ दिसते. शेजाऱ्याच्या पडद्यावर आहे, आपल्या नाही. ती सर्वांसमोर बाईंना विचारायला बिचकते. बाईंनाही कड शोधायला पाच मिनिटे लागतात, आणि तास पस्तीस मिनिटांचाच असतो. शेवटी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला जातो. एवढे होऊन त्या मुलीच्या मनात काय उरते? ‘मला कॉम्प्युटर जमत नाही.’ एका रेघेच्या रुंदीचा निर्णय कुणीतरी दूरवर घेतलेला असतो आणि त्याचा निकाल असा एखाद्या मुलीच्या आत्मविश्वासावर लागतो. समीक्षा करण्याएवढे हे प्रकरण मोठे आहे की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

चार कसोट्या

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. शाळेसाठी एखादा प्रोग्रॅम निवडताना किंवा विद्यार्थ्यांचा प्रकल्प तपासताना पुढच्या चार कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली: दिवे आणि खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून प्रोजेक्टरवर दुभाजक शेवटच्या बाकावरून दिसतो का? आणि गडद रंगांची योजना निवडल्यावरही दिसतो का? शैलीपत्रकात रंग ठाम लिहून ठेवला असेल तर दुसऱ्या रंगयोजनेत रेघ गडप होऊ शकते.

दुसरी: प्रोग्रॅम कधीही न वापरलेल्या माणसाला दुभाजक दहा वेळा धरायला सांगा. पहिल्याच प्रयत्नात किती वेळा हाती लागला? ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत, काही अपवाद सोडता, टिचकीच्या जागेसाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहेत. ही तत्त्वे मुळात वेबपानांसाठी लिहिलेली असली तरी त्यांमागचे तर्क डेस्कटॉपलाही लागू पडतात.

तिसरी: कप्पा पूर्ण मिटवा. परत कसा आणायचा हे पडदाच सांगतो का?

चौथी: माउस काढून घ्या. दुभाजक हलतो का? त्याच आवृत्तीत असेही म्हटले आहे की जे काम ओढून करायचे आहे ते न ओढताही करता यायला हवे. स्विंगची एफ-८ ही कळ आणि विंडोज ३.१ मधली ती मेनूतली आज्ञा यांचे महत्त्व इथे कळते. सर्वच साधनसंचांत अशी सोय नसते. नसेल तिथे ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने द्यायला हवी. माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक आहे. शाळांसाठी खरेदी करणाऱ्यांनी ते पाहायला हरकत नाही.

अकरावी-बारावीत पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सर्व स्वतः करून पाहता येईल. पायथनबरोबर टीकेइंटर हा साधनसंच मिळतो. त्यात दोन कप्प्यांची खिडकी दहाएक ओळींत तयार होते. सॅशविड्थ हा पर्याय बदलून दुभाजक २, ८ आणि १६ पिक्सेलचा करा. शोहँडल हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला की दुभाजकावर धरण्यासाठी एक छोटा चौकोन उमटतो. मग घरातल्या आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडांपर्यंत पाच-सहा जणांना तो सरकवायला द्या आणि वेळ मोजा. फिट्स यांचा आलेख पुन्हा हाती येतो का ते पाहा. विज्ञान प्रदर्शनात ठेवण्यासारखा हा प्रकल्प आहे. त्यासाठी लागणारी सामग्री एक संगणक, एक घड्याळ आणि थोडा धीर, इतकीच.

पुढच्या वेळी संगणक कक्षात एखादे मूल म्हणाले, ‘ही रेघ धरताच येत नाही’, तर ‘जरा नीट धर’ असे सांगण्यापूर्वी रेघ किती रुंद आहे ते पाहावे. पुष्कळदा मुलाचे म्हणणे शब्दशः खरे असते.